हरसिंगकाकांची पेटी आणि तिची झूल

हरसिंगकाका राठोड कोणत्याही वस्तूबद्दल मत देण्याआधी ती उचलून पाहत. दुकानातला कुकर असो, पाहुण्याची बॅग असो की शेजाऱ्यांचं नवं नातवंड, आधी दोन्ही हातांनी उचलायचं, थोडं चालून यायचं, होतं तिथे ठेवायचं आणि मगच बोलायचं. "आधी उचल, मंग बोल," हे ते इतरांनाही ऐकवत. उमरखेडच्या बसस्थानकावर ते वाहतूक नियंत्रक होते. फलाटावरच्या एखाद्या बाईची पिशवी सहज उचलून ते विचारत, "काय भरलं वो ताई याच्यात? उभ्यानं जा लागलं तर हात तुटून पडंन तुमचा." निवृत्तीनंतर अधिकार गेला, सवय राहिली.

त्यांचा जन्म महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावरचा. पणजोबांच्या काळात घरची लदेणी होती, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव नेण्याचा धंदा. काकांनी ती पाहिली नव्हती. याडीकडून, म्हणजे आईकडून, ऐकली होती. वडिलांच्या वेळेपर्यंत घर शेतीत स्थिरावलं आणि काका एस.टी.त लागले. लदेणीतलं त्यांच्याकडे काही उरलं असेल तर ती ही उचलून पाहण्याची सवय आणि उघड्यावर झोपण्याची ओढ. घरात त्यांना झोप येत असे, पण तिला ते "फलाटावरची झोप" म्हणत. गाडी लागेपर्यंतची.

तुरीच्या शेंगा भरल्या की दर हिवाळ्यात आम्ही पाच-सहा जण दोन रात्रींच्या मुक्कामाला जात असू. जागा ठरलेली होती. आमच्यातल्या गजानन वानखडेचं शेत पैनगंगेच्या काठी आहे. शेतात वीज नाही. गाडी नाल्यापर्यंत जाते. तिथून पुढे सामान डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन पायी. या मुक्कामाला सगळे तांडा म्हणत आणि काकांना नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख. नायकाचा नियम एकच होता, ज्याचं ओझं त्यानं न्यायचं. नाल्यापाशी ते प्रत्येकाची बॅग उचलत आणि जड वाटली तर तिथेच उघडायला लावत. गजाननच्या बॅगेतून त्यांनी एकदा इस्त्री काढली होती. शेतात इस्त्री कशाला, याचं उत्तर गजाननलाही देता आलं नाही.

काकांचं घोरणं हा मुक्कामाचा दुसरा ठरलेला भाग. नदीच्या पलीकडच्या शेतातल्या जागल्यानं एकदा सकाळी येऊन विचारलं होतं, की रात्री इंजिन कोणतं लावलं होतं. त्या दोन रात्री रानडुकरं तुरीकडे फिरकत नसत. "नायक, वर्षभर इथीच राहा न," गजानन म्हणायचा. "कुंपणाचा खर्च वाचंन माह्या."

मग एका पावसाळ्यात काकांना दिवसाही डुलक्या येऊ लागल्या. सोनाबाईंनी, त्यांच्या पत्नीनं, मागे लागून त्यांना नांदेडच्या डॉक्टरांकडे नेलं. निदान स्पष्ट होतं. झोपेत श्वास अडत होता आणि ते घोरणं त्याचाच आवाज होता. रोज रात्री नाकावर मास्क लावून, हवेचा दाब देणाऱ्या मशीनसह झोपायचं. एक रात्रही चुकवायची नाही. मशीन विजेवर चालणारं होतं.

त्या हिवाळ्यात काका मुक्कामाला आले, भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली, अंधार पडायच्या आत उठले. गजानननं त्यांना मोटरसायकलवरून घरी सोडलं. परत आल्यावर त्यानं शेकोटीत लाकूड सारलं. मग म्हणाला, "रस्ताभर वर पाहून राह्यले होते. मले आरशात दिसत होतं."

पोर्टेबल पॉवर स्टेशन नावाची वस्तू गजाननलाच मोबाइलवर दिसली. आत मोठी बॅटरी, बाहेर प्लग लावायच्या जागा. घरी भरून घ्यायची आणि रानात वापरायची. तो काकांना घेऊन यवतमाळच्या एका दुकानात गेला. आम्हीही बरोबर होतो. गजाननचं मन सगळ्यांत मोठ्या पेटीवर बसलं. तिच्यावर मिक्सर चालतो, टीव्ही चालतो, फ्रीजही चालतो, असं दुकानदार सांगत होता.

"रानात फ्रीज कोण नेऊन राह्यलं?" काकांनी विचारलं.

"उद्या नेला तर?" गजानन म्हणाला.

काकांनी मोठी पेटी उचलली आणि दुकानाबाहेर पडले. दुकानदार घाईनं मागे आला. काका समोरच्या पानठेल्यापर्यंत गेले, वळले, परत आले आणि पेटी काउंटरवर ठेवून धापा टाकत म्हणाले, "हे मले नाही नेणार, मलेच याले न्या लागंन. ओझं पाहून बैल नाही घेत, गजानन. रस्ता पाहून घेते."

मग त्यांनी पिशवीतून स्वतःचं श्वासाचं मशीन काढलं. ते बरोबर आणलं आहे, हे आम्हालाही माहीत नव्हतं. सगळ्यांत लहान पेटीला ते जोडलं, स्टुलावर बसले आणि मास्क लावून डोळे मिटले. पेटीच्या पडद्यावर मशीन किती वीज खातं तो आकडा दिसत होता. दुकानात आलेली एक बाई हळूच विचारू लागली, की काकांना काही झालं आहे का.

"काही नाही," दुकानदार म्हणाला. "गिऱ्हाईक हायेत. काका, दुपारभर बसता का असेच?"

काकांनी मास्क बाजूला केला. "रात्रभर झोपाचं हाय बावा मले. तुही दुपार कायले मोजतं?"

त्या मशीनमध्ये हवा ओलसर करण्यासाठी पाणी गरम करणारी एक तबकडी होती. काकांनी ती बंद केली. पडद्यावरचा आकडा निम्म्याच्याही खाली आला. लहान पेटी रात्र काढणार नव्हती, मधली काढणार होती. मधली पेटी उचलून ते पानठेल्यापर्यंत गेले आणि या वेळी धापा न टाकता परतले. सोबत घडी घालता येणारी सौर पाटी घेतली, म्हणजे दुसऱ्या रात्रीसाठी दिवसा पेटी भरून घेता येईल.

घरी आल्यावर त्यांनी डॉक्टरांना फोन करून पाण्याची तबकडी बंद ठेवली तर चालेल का ते विचारून घेतलं, आणि मग गच्चीवर झोपून पेटीची परीक्षा केली. सकाळी तिच्यात थोडी वीज उरली होती. पण थोडीच. तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. "जे तापते ते पेटीवर नाही. चहाची किटली, पाणी तापवाची दांडी, काहीच नाही. अन् फोन लावाचे असतीन तर लावा, मी नाही म्हणणार नाही."

दुसरी गोष्ट गजानननं मोडून काढली. तांड्यात नायक नाही म्हणत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं आम्हा सगळ्यांना बाजूला घेऊन बजावलं, की कोणीही पेटीला फोन लावायचा नाही. "फोन मेला तर मेला. बायकोले सांगा रेंज नव्हती."

सोनाबाईंनी पेटीकडे बरेच दिवस पाहिलं. नवऱ्याचा श्वास तिच्यावर चालणार, याचा त्यांनी आपल्या परीनं अर्थ लावला. लदेणीच्या मुख्य बैलाला झूल असे, हे त्याही ऐकत आल्या होत्या. त्यांनी जुन्या घागऱ्याचं लाल कापड काढलं, आत गोधडीचे थर घातले, वरून कवड्या आणि आरसे टाचले आणि पेटीच्या मापाची झूल शिवली. मूठ आणि पडद्याची, प्लग लावायची बाजू तेवढी बाहेर. नाल्यापाशी काकांनी ती पेटी खांद्यावर घेतली तेव्हा आरशांचे कवडसे तुरीवरून पळत होते. "नायकाचा बैल आला," गजानन म्हणाला. काका हसले नाहीत, पण ताठ चालू लागले.

दुपारभर पेटी उन्हात, सौर पाटीच्या शेजारी, झुलीसकट ठेवली गेली. संध्याकाळी तंबूत आली. दव लागू नये म्हणून काकांनी तिच्यावर घोंगडंही टाकलं.

त्या रात्री आमच्यापैकी कोणालाही झोप लागली नाही. काका मास्क लावून गप्प झोपले होते. इतक्या वर्षांत त्या शेतात एवढी शांतता नव्हती. कोणी ना कोणी उठून त्यांच्या छातीची हालचाल पाहून येत होतं. पहाटेच्या सुमारास नेहमीचं घोरणं सुरू झालं, आणि मग सगळे गाढ झोपी गेले.

"नायक, पहाटी मस्त घोरले तुमी," सकाळी शेकोटीपाशी गजानन म्हणाला. "जीव भांड्यात पडला आमचा."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "घोरलो?"

"हो. इंजिनावाणी."

"मंग मशीन बंद होतं."

तंबूत घोंगडं सरकवून पाहिलं तर पेटीचा पडदा काळा होता. मास्क काकांनी झोपेतच काढून टाकला होता. गजानन दुकानदाराला फोन करायला उठला. त्याचा फोन मेलेला होता, आणि तो स्वतःच्याच नियमानं. काका तोपर्यंत कपडे पिशवीत भरू लागले होते. "झालं," ते म्हणाले. "गच्चीवर चालली म्हणून वावरात चालंनच असं काही नाही. तुमी राहा. मी दुपारच्या गाडीनं निंगतो. पुढल्या साली कायले येऊ? जेवाले तर घरीबी भेटते."

त्यांनी पेटी न्यायला म्हणून उचलली, चालू लागले आणि तंबूच्या दारात थांबले. पेटी त्यांनी पोटाशी धरली होती. बाहेर गवतावर दव होतं, तोंडातून वाफ येत होती.

"ही तापली हाय," ते म्हणाले. "काहून?"

ती खाली ठेवून त्यांनी झुलीखाली तळहात घातला, बैलाच्या पाठीवर घालावा तसा. झूल काढली. दोन्ही बाजूंना हवा खेळण्याच्या जाळ्या होत्या. नेमक्या त्यांच्यावर कवड्यांची रांग आली होती. मोकळी होऊन थोडी निवल्यावर पेटी सुरू झाली. पडद्यावर तापमापीचं छोटं चित्र लुकलुकलं आणि गेलं. आत अजून पाव हिस्सा तरी वीज होती. ती संपलेली नव्हती. गुदमरून बंद पडली होती.

काकांनी झूल मांडीवर घेतली. "बैलाले झूल पोळ्याच्या दिवशी घालते," ते म्हणाले. "उन्हात अन् रातभर कोण घालते? मले समजाले पाह्यजे होतं." मग लगेच, "सोनीले कोणी सांगाचं नाही. झूल सगळ्याईले आवडली म्हणाचं."

"आवडलीच हाय न," गजानन म्हणाला.

त्या दिवशी फक्त सौर पाटी उन्हात राहिली. पेटी बाभळीच्या सावलीत, उपड्या घमेल्यावर, उघडी. रात्री तंबूच्या तोंडाशीच काकांचं अंथरूण घातलं, डोकं बाहेर आकाशाखाली. झुलीची घडी त्यांनी उशाखाली घेतली. दर मुक्कामाला सगळ्यांत आधी उठून चहा ठेवणारे काका दुसऱ्या सकाळी ऊन अंगावर येईपर्यंत झोपून राहिले. मशीन सुरू होतं. चहा गजानननं केला. तो फार गोड झाला होता, पण उठल्यावर काकांनी दोन कप घेतले.

सोनाबाईंपासून मात्र काही लपलं नाही. झूल हातात घेताच त्या म्हणाल्या, "याच्यावर घडी पडली. पेटीवर असती तर घडी कशी पडली असती?" काकांनी इकडचं तिकडचं बोलून पाहिलं आणि शेवटी खरं सांगितलं. सोनाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पेटी फिरवून जाळ्या पाहिल्या. "मंग त्याचं नाक उघडं ठेवा न," त्या म्हणाल्या. "तुमचं नाक झाकाचं अन् त्याचंबी झाकाचं, मंग श्वास घ्याचा कोणं?" त्याच बैठकीत कात्री घेऊन त्यांनी आतले गोधडीचे थर काढून टाकले, झुलीला दोन्ही बाजूंना खिडक्या कापल्या आणि त्यांच्या कडांना पिवळ्या दोऱ्याची वीण घातली. काकांनी ती नवी झूल हातावर तोलून पाहिली. "आता हलकी झाली," ते म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं. झूल पेटीवर नेण्या-आणण्यापुरती राहायची. रात्री ती उशाखालीच जायची.

त्यानंतरच्या हिवाळ्यांत काकांनी एकही मुक्काम चुकवला नाही. पेटीत दर सकाळी थोडी वीज उरे. ते ती पडद्यावर वाचत आणि "पोचलो बावा" म्हणत, गाडी वेळेवर लागल्यासारखं. आमचे फोन दर वर्षी मरत, घरी दर वर्षी रेंजची सबब सांगितली जाई. ती कोणाच्याही बायकोला पटत नसे.

हरसिंगकाका गेल्या उन्हाळ्यात गेले. दुखणं थोडक्यात आटोपलं, श्वासाशी त्याचा संबंध नव्हता. हिवाळ्यात मुक्कामाला जावं की नाही, हे ठरत नव्हतं. सोनाबाईंनीच गजाननला बोलावून घेतलं आणि पेटी समोर ठेवली, झुलीसकट, पूर्ण भरलेली.

"नेतो काकू," गजानन म्हणाला.

"आधी उचल," सोनाबाई म्हणाल्या.

त्यानं उचलली, अंगणाच्या फाटकापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "नेईन."

मुक्कामाच्या पहिल्या रात्री शेतात पेटी उपड्या घमेल्यावर ठेवली होती. पहिल्यांदाच तिला फोन लावले, सगळ्यांचे. ते भरून झाले. सकाळी पडद्यावर पाहिलं तेव्हा पेटीत निम्म्याहून कितीतरी जास्त वीज शिल्लक होती. काकांच्या वेळी तिच्यात इतकी कधीच उरत नसे.