बाळदेवाच्या पायाशी मोर निघाला

"मोर! मोर आहे हा!" मी गाभाऱ्यातच ओरडलो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जुन्या मूर्तींची नोंदणी करणाऱ्या सरकारी कचेरीत मी नवा होतो. चारठाण्याच्या पुढच्या एका गावात काम चाललं होतं. मूर्ती मोजायची, फोटो काढायचा, फॉर्म भरायचा. मूर्ती कुणाची हे वाहनावरून कळतं, म्हणजे देव ज्या पशुपक्ष्यावर बसतो त्याच्यावरून. नंदी दिसला की शंकर, उंदीर दिसला की गणपती. या गावातल्या देवाला सगळे नुसतं बाळदेव म्हणत. त्याच्या पायाशी शेंदराचा गोळा होता. पाटलांना विचारून मी तो सोलला आणि आत मोर निघाला.

आनंदाने मला काही सुधरेना. बाहेर आठ-दहा बायका पाण्याचे तांबे घेऊन उभ्या होत्या. त्यांना मी मास्तरासारखं सांगितलं, "हा कार्तिकस्वामी. शंकर-पार्वतीचा थोरला, गणपतीचा मोठा भाऊ!"

वाटलं होतं कौतुक होईल. सगळ्यांनी तांबे खाली ठेवले.

आपल्याकडे कार्तिकस्वामी ब्रह्मचारी. आईवर रुसून निघून गेला आणि बायकांनी आपलं तोंड पाहू नये असा शाप देऊन बसला. पाहिलं तर वैधव्य. कार्तिकी पौर्णिमेचा योग तेवढा सोडून. हे मला पाठ होतं, पण मोराच्या नादात डोक्यातून गेलं.

पुढे गयाबाई उभी होती. लग्न होऊन आल्यापासून बाळदेवाला रोजची आंघोळ तिच्या हातची. ती हळूच म्हणाली, "सायेब, आमच्या मालकाला आठ दिस झालं ताप हाय. म्हंजी माझ्यामुळंच का ओ?"

पाटलांनी हुकूम सोडला, "आजपासून बायकांनी इकडं फिरकायचं न्हाई. कुलूप लावतो."

तो मोर परत शेंदरात कोंबावा असं मला वाटायला लागलं. गयाबाई रिकाम्या हाताने घरी गेली, ते बघवेना. मी एसटीने जिंतूर गाठलं आणि पोस्टातून साहेबांना ट्रंककॉल लावला. साहेब मदुराईकडचे. ते इतके हसले की मध्ये ऑपरेटरही हसायला लागला.

"ब्रह्मचारी कौन बोला? हमारे इधर उसका दो-दो बीवी है! मेरा माँ रोज पूजा करती, पिताजी एकदम फर्स्टक्लास! बाजू में देखो, दो औरत होगी."

होत्या. फॉर्मवर मी त्यांना 'सेविका, नग दोन' लिहून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी गयाबाई देवळाच्या पायरीवर दाराकडे पाठ करून बसली होती. मी धापा टाकत सांगितलं. ती उठलीच. "दोन?"

"दोन! साहेबांची आई रोज पूजा करते."

"ते तिकडं," मागून आलेले पाटील म्हणाले. "आपल्याकडं ब्रह्मचारीच."

"पाटील," गयाबाईने पदर खोचला, "माझ्याआधी ह्याला पाणी कोण घालायचं? तुमची माय. तुमचे वडील आत्ता चावडीवर तंबाखू मळायलेत. ऐंशीच्या घरात हायेत, अजून विहिरीत उड्या मारत्यात!"

एव्हाना जमलेल्या बायका फिसकन हसल्या. मग एकेक जण आपल्या नवऱ्याची तब्येत सांगायला लागली. "आमचं तर घोरून पत्रं हलवतंय!" एवढ्यात घोंगडी पांघरून गयाबाईचे मालक स्वतःच आले. "ताप उतरला राती. पण हिनं कालपासनं भाकर टाकली न्हाई. उपाशी मरायलोय मी!"

पाटलांनी मुकाट्याने किल्ली काढली.

आत जाऊन गयाबाईने त्या दोन्ही मूर्तींना कुंकू लावलं. "दोघी सवती नांदवायलाय अन् म्हणं ब्रह्मचारी!" गाभाऱ्यात असं खदखदून हसणं मी पुन्हा ऐकलं नाही. मीसुद्धा डोळे पुसत हसत होतो.

फॉर्मवर मी 'सेविका' खोडून 'पत्नी असाव्यात' लिहिलं. साहेबांनी शेरा मारला: पुरावा? मी खाली लिहिलं, 'स्थानिक महिलांची खात्री आहे.' फॉर्म पास झाला.

तेव्हापासून मूर्ती ओळखू आली तरी मी लगेच तोंड उघडत नाही. तिला रोज आंघोळ घालणाऱ्या बाईला आधी विचारतो, हा तुमचा कोण.