झाकणातल्या टाचण्या

दाजी तसे एकाच माणसाचे दाजी. बायकोच्या धाकट्या भावाचे. पण हा मेहुणा त्यांच्याच दुकानात शिवणकाम शिकायला आला आणि दिवसभर ‘दाजी, दोरा कुठाय’, ‘दाजी, सुई मोडली’ असा त्याचा जो पट्टा सुरू झाला, तो ऐकून आधी कटिंग मास्तर त्यांना दाजी म्हणू लागले, मग मालक, मग गिऱ्हाइकं. एकदा मालकांचे वडील काठी टेकत आले. वय ऐंशीच्या पुढचं. म्हणाले, “दाजी, विजार कंबरेत सैल झालीय हो.” आता या म्हाताऱ्यांचे दाजी म्हणजे त्यांची बहीण किती वर्षांची असेल आणि तिच्याशी दाजींनी लग्न कसं जमवलं, यावर दुकान आठवडाभर हसत होतं. दाजी स्वतः सगळ्यांत जास्त हसले. हसताना त्यांचं पोट मशीनला लागायचं आणि चाक आपोआप फिरायचं.

दाजी फक्त पॅंटा शिवायचे. कोट, शर्ट, झबली यांच्या वाटेला जात नसत. पण त्यांची पॅंट घातली की माणूस दोन पावलं जास्त चालून बघायचा, अशी पॅंट. उभा जन्म त्यांनी मशीनचं पायडल मारण्यात घालवला, आणि त्यातूनच त्यांना एक खोड लागली. मशीनपासून उठले तरी उजवा पाय थांबायचा नाही. जेवताना, न्हाव्याच्या खुर्चीत, सासऱ्यांच्या तेराव्याला बसले तेव्हासुद्धा पाय आपला पायडल मारतोय. त्यांची बायको, म्हणजे मेहुण्याची ताई, म्हणायची, “अहो, झोपेत माझी चादर शिवून टाकाल एक दिवस.”

दुकानात पोकर आणलं ते बोटीवरच्या एका आचाऱ्यानं. पॅंट आखूड करायला आला, आणि बोट बंदरात अडकली म्हणून रोज येऊन बसू लागला. त्यानं शिकवलं: प्रत्येकाला दोन पत्ते झाकून द्यायचे, पाच पत्ते मध्ये उघडे मांडायचे, आणि त्या सगळ्यांतून ज्याचा मेळ भारी तो जिंकला. समोरच्यानं बटणं लावली की आपण तेवढीच लावून ‘दाखव’ म्हणायचं, नाहीतर पत्ते मिटून गप्प बसायचं. कुणी सगळा ढीग लोटला आणि समोरच्यानंही उरलेली सगळी लावली, की जिंकणाऱ्याची सगळी बटणं, कमी-जास्त बघायचं नाही. हो, बटणंच. शिंप्यांच्या दुकानात दुसरं काय असणार? आचारी बोटीबरोबर गेला, पॅंट विसरून गेला, पण खेळ राहिला.

आणि खेळता खेळता मेहुण्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. एकदा घरी येऊन तो पोट धरून हसत सुटला. “दाजी, तुमचा पाय चुगलखोर आहे! पत्ते फालतू आले की पायडल चालू. चांगले आले की पाय गप्प!”

दाजींनी पाहिलं, तर खरंच. पायाला दम देऊन पाहिला, पण पायाकडे लक्ष दिलं की पत्त्यांवरचं उडायचं. मग मेहुण्यानंच उपाय काढला. “ताईची शपथ, कुणाला सांगणार नाही. आणि मी तुमच्या शेजारी बसून माझाही पाय हलवत राहीन. बाक हलला तरी कुणाचा पाय, कुणाला कळणार?” तेव्हापासून तो शेजारी बसायचा आणि दोघांचे पाय जोडीनं चालायचे. असा मेहुणा मिळायला भाग्य लागतं, असं दाजी ताईला सांगायचे. ताई म्हणायची, “भाऊ कुणाचा आहे!”

त्याला दाजींची आणखी एक गोष्ट ठाऊक होती. गेल्या वर्षापासून दाजींना काळ्या कापडावर काळा दोरा दिसेनासा झाला होता. शिवण ते बोटांनी चाचपत शिवायचे. रोज सकाळी मालक यायच्या आत मेहुणा त्यांच्या मशीनची सुई ओवून द्यायचा. बोलायचा नाही, नुसता ओवून जायचा.

तेवढ्यात खिडकीजवळचा कोटवाला काम सोडून गावी गेला आणि खिडकीची जागा रिकामी झाली. दुकानात उजेड येणारी ती एकच खिडकी. दाजींना ती मिळाली तर आणखी काही वर्षं निघाली. नाही मिळाली, तर एक दिवस मालक पॅंटची वाकडी शिवण बघणार आणि म्हणणार, दाजी, आता घरी बसा. मास्तरांना ती हवी होती, कारण कोटवाला गेल्यावर दुकानातला मोठा माणूस कोण हे त्यांना गिऱ्हाइकांना दाखवायचं होतं. मेहुणा म्हणाला, “मीही उभा आहे बरं का,” पण ते गंमत म्हणून. मालकांनी हात झटकले. “तुमचं तुम्ही ठरवा. सोमवारी मला भांडण नको.”

“मग पत्त्यांवर ठरवू,” मास्तर म्हणाले. “प्रत्येकाला सारखी बटणं. ज्याच्याकडे शेवटी सगळी, त्याची खिडकी.”

रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून तिघं कटिंगच्या टेबलाशी बसले. दाजींचा पाय टेबलाखालच्या आडव्या पट्टीवर, नेहमीसारखा. मेहुणा मात्र आज बाकावर नव्हता. पलीकडे स्टुलावर बसला.

“इकडे ये की,” दाजी म्हणाले.

“पाठ दुखतेय दाजी. स्टूल बरं.”

मेहुणा लवकर बाद झाला. जरा जास्तच लवकर. उरले दाजी आणि मास्तर. दाजींना वाटलं, आज मास्तरांना काही दैवी शक्ती आलीय. दाजींना चांगले पत्ते आले की मास्तर लगेच मिटायचे. फालतू आले की असे तुटून पडायचे, की दाजींनाच मिटावं लागायचं. दुपारभर हेच.

“मास्तर, आज काय खाऊन आलात?”

“तुमच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं दाजी,” मास्तर म्हणाले आणि मेहुणा खोकला.

मग तो डाव आला. दाजींच्या हातात सत्ती आणि तिर्री. मध्ये राजा, दश्शी, सत्ती, चौकी, दुर्री. म्हणजे सत्तीची एक जोडी, एवढीच. मास्तरांकडे एखादा राजा किंवा दश्शी असली की दाजी गेलेच. प्रत्येक उघड्या पत्त्याबरोबर मास्तर बटणं वाढवत गेले, आणि दाजी, मिटू मिटू म्हणत, हट्टानं लावत गेले. शेवटची दुर्री उघडली आणि मास्तरांनी दोन्ही हातांनी सगळा ढीग मध्ये लोटला.

“घ्या. सगळी.”

मिटलं तर दाजींपुढे मूठभर बटणं उरणार. तेवढ्यांत खिडकी येत नसते. ‘दाखव’ म्हणून हरलं तर आत्ताच्या आत्ता खेळ खलास. जिंकले तर मास्तर खलास. दाजींनी मान खाली घातली. एका जोडीवर कोण एवढी लावतं? मास्तरांकडे राजा असणार. मिटावं.

तेव्हा त्यांची नजर मास्तरांच्या कोपराशी गेली. तिथं बिस्किटाच्या डब्याचं झाकण होतं आणि त्यात टाचण्या. खिडकीतून उतरलेलं ऊन नेमकं त्या झाकणावर पडलं होतं, आणि टाचण्या चमचमत होत्या. अंधूक डोळ्यांनाही दिसाव्यात अशा.

पत्त्यांच्या टेबलावर टाचण्या? मास्तरांच्या? एक टाचणी इकडची तिकडे दिसली तर दुकान डोक्यावर घेणारा हा माणूस!

आणि त्या नुसत्या चमकत नव्हत्या, थरथरत होत्या. दाजींच्या पायाच्या तालावर.

पायडलचा धक्का पट्टीतून टेबलात, टेबलातून झाकणात. म्हणजे मास्तर दुपारभर चेहरा वाचत नव्हते. आणि ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक. एक ताई. ती या दुकानात कधी पाऊल टाकत नाही. दुसरा स्टुलावर बसलाय, पाय पोटाशी घेऊन.

आता बघा काय पेच झाला. टाचण्या हलत होत्या, म्हणजे मास्तरांना कळलं होतं की दाजींचे पत्ते फालतू आहेत. म्हणून लोटला ढीग, हातात काही नसताना. तसं असेल तर ‘दाखव’ म्हणावं आणि खिडकी घ्यावी. पण मेहुण्यानं सांगितलंच नसेल, झाकण चुकून राहिलं असेल, तर मास्तरांकडे खरोखर राजा आहे आणि मिटलेलंच बरं. पत्ते बाजूलाच राहिले. ठरवायचं होतं ते हे, की शपथ घेणाऱ्यानं शपथ मोडली की नाही. आणि दाजींना, खरं सांगायचं तर, मिटायचं होतं. मिटलं की खिडकी जाणार, पण मेहुणा राहणार.

“दाजी, झोपलात का?” मास्तर म्हणाले.

दाजींनी एकच केलं. पाय थांबवला.

झाकणातल्या टाचण्या निपचित पडल्या. मास्तरांची नजर झाकणावर गेली आणि त्यांचा चेहरा धुतलेल्या कापडासारखा उतरला. मग त्यांनी मान वर करून पाहिलं ते दाजींकडे नाही. मेहुण्याकडे. आणि मेहुण्यानं मान खाली घातली.

“दाखवा,” दाजी म्हणाले आणि उरलेली बटणं पुढे सारली.

मास्तरांकडे गुलाम आणि अठ्ठी. सत्ती ते गुलाम अशी सलग ओळ लागायला नव्वीची वाट बघत बसले होते, ती आली नाही. एक जोडीसुद्धा नाही. सत्तीच्या जोडीनं खिडकी जिंकली. असली मरतुकडी जोडी त्या आचाऱ्यानं कधी बोटीवर पाहिली नसेल.

मास्तर झाकण उचलून गेले. मेहुणा बटणं गोळा करायला वाकला.

“मास्तर कटिंग शिकवणार होते मला,” तो खालमानेनं म्हणाला. “कुणाला शिकवत नाहीत ते. दाजी, मला जन्मभर पॅंटा नव्हत्या शिवायच्या.”

दाजींनी बटणांची बरणी पुढे ओढली.

“आणि मला वाटलं, खिडकी कुणालाही मिळो, तुमची सुई मी ओवतोच आहे की.”

यावर शिवी द्यावी असं दाजींना वाटलं. त्यांनी बटणांची बरणी भरली आणि फळीवर ठेवली.

सोमवारी मशीन खिडकीशी आलं. सवयीनं मेहुणाही आला, मालक यायच्या आत, बोटांत दोरा धरून. दाजींनी त्याच्या हातातून दोरा घेतला, उजेडाकडे तोंड केलं आणि एका दमात सुई ओवली. कधी नव्हे ती लख्ख दिसली. मेहुणा आपल्या मशीनवर गेला. दाजींना खरं तर म्हणायचं होतं, थांब. पण म्हणाले नाहीत.

घरी ताईनं विचारलं, “भाऊ जेवायला आला नाही तो? भांडलात की काय?”

“कटिंग शिकतोय,” दाजी म्हणाले. ताई खूश झाली. म्हणाली, बघा, भाऊ कुणाचा आहे.

मास्तरांनी त्याला कटिंग काही शिकवलं नाही. हरलेल्या डावाचं मोल कोण देतो? तो अजून कोपऱ्यात शर्टांच्या कॉलरी लावतो. दाजी खिडकीत पॅंटा शिवतात, आणि शिवणी पुन्हा सरळ आल्यात. फक्त मशीनवरून उठले की त्यांचा पाय आता जागच्या जागी राहतो. आणि दुकानात, गल्लीत, वाण्याकडे, सगळे अजून हाक मारतात, “दाजी!” एक मेहुणा सोडून. तो हल्ली ‘अहो’ म्हणतो, आणि तेही दुसरीकडे बघून.