नव्या प्रेसची उपकारस्तुती

आमच्याकडे काही चांगलं झालं की पाळक साहेबांना बोलवायचं, उपकारस्तुतीची प्रार्थना करून देवाचे आभार मानायचे आणि वर पेढे-वेफर्स वाटायचे, ही ठरलेली रीत. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यासाठी भाड्याचा गाळा घेतला तेव्हा झाली, स्वतःचा घेतला तेव्हा झाली, गाडी आली तेव्हा तर चर्चच्या आवारातच झाली. दर खेपेला हे, म्हणजे माझे यजमान, उभे राहून साक्ष द्यायचे, "प्रभूनं भरभरून दिलं." लोक हालेलुया म्हणायचे, मीही म्हणायचे. पण एका बड्या कंपनीची ऑर्डर मिळाली आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी धास्तीच वाटायला लागली.

कसली धास्ती, ते एका दुपारी कळलं. हे डबा विसरले म्हणून मी गाळ्यावर गेले. त्या ऑर्डरसाठी घेतलेला नवा पॉवर प्रेस सुरू होता. पत्रा आत सरकवायचा, पायानं पायडल दाबायचं, वरून धाडकन घाव, मग तुकडा काढायचा, की परत पत्रा. प्रेसवर पेठकडच्या खेड्यातली एक बाई बसली होती, नुकतीच कामाला लागलेली. तिचा हात त्या घावाखाली जात होता आणि येत होता. मध्ये जी लोखंडी जाळी असायला हवी, ती काढून भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि तिच्यावर कुणाचं तरी जर्किन वाळत घातलेलं.

"अगं बाई, जाळी का काढली?"

"जाळी लावली का माल कमी निघतो, ताई." ती हसली. माझ्याकडे बघत बोलली आणि हात तसाच आत गेला.

मी तरातरा केबिनमध्ये गेले आणि ह्यांना जाळीचं विचारलं. हे म्हणाले, "माल वेळेत जायला हवा. आजवर काही झालंय का? प्रभूचा हात आहे आपल्यावर. तू उगाच नाट लावू नकोस."

"प्रभूचा हात आहे हो, पण प्रेसखाली हात तिचा आहे!"

ह्यांनी समोरची फाइल उघडली. मग म्हणाले, "रविवारी प्रेसची उपकारस्तुती ठेवलीय. खाण्याचं बघ." झालं! म्हणजे विषय संपला.

माझे वडील साधे शिपाई. ते म्हणायचे, देवानं घर दिलं तर आधी गच्चीला कठडा बांधावा, मग आभार मानावेत. त्या आठवड्यात मला ते सारखं आठवत राहिलं. फोन वाजला की वाटायचं, आलाच निरोप. भाकरी थापताना स्वतःच्याच बोटांकडे लक्ष जायचं. एकदा तर प्रार्थनेत तोंडातून निघून गेलं, प्रभू, ही ऑर्डर जाऊ दे बाबा, आणि माझी मलाच भीती वाटली. पण राग काही जाईना. देवानं ऑर्डर दिली, तशी ती बाईही आमच्याच पदरात घातली होती ना? एकीबद्दल आभार मानायचे आणि दुसरीला विसरायचं, ही कसली मेली स्तुती!

रविवारी उपासना आटोपून सगळे गाळ्यावर जमले, कामगारांनाही बोलावलं होतं. आजूबाजूचे गाळे बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. प्रेसला झेंडूचा हार घातला होता, जाळी मात्र अजून भिंतीलाच टेकलेली. गाणं झालं, प्रार्थना झाली, ह्यांची साक्षही झाली. मग ह्यांनाच हुक्की आली, सगळ्यांदेखत एक तुकडा काढून दाखवायची. त्या बाईला बोलावलं. ती पदराला हात पुसत प्रेसवर येऊन बसली. कुणीतरी मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला लागलं.

"थांब गं," मी ओरडलेच. "तू ऊठ. अहो, तुम्ही बसा. प्रभूचा हात आहे ना आपल्यावर? मग काढा तुकडा."

पाळक साहेब खाली बघायला लागले. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की खाऊ की गिळू! पण चारचौघांत नाही कसं म्हणणार? बसले. पाय पायडलवर ठेवला, पत्रा उचलला, हात आत नेला. माझा जीव टांगणीला. तोंडाळपणा भोवतोय आता, असं वाटलं. ह्यांनी हात मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा मागे घेतला. कपाळावर घाम फुटला. पायडल काही दाबलं जाईना.

"जाळी आणा," हे पुटपुटले.

ती बाई लगबगीनं गेली आणि जाळी घेऊन आली. ती लावायला एक कामगार पाना घेऊन वाकला. बाई बाजूला उभी राहून ह्यांच्या ओल्या कपाळाकडे टक लावून बघत होती.

"साहेब, तुमाला बी भ्या वाटतं?" ती म्हणाली. "मला वाटायचं, मला एकलीलाच वाटतं."