‘बुडाली तर?’ विचारणारी आत्या

माझी आत्या प्रवासाची तिकिटं विकायची, आणि गिऱ्हाईक दारात आलं की आधी त्याला घाबरवायची, असं माझे वडील म्हणत. कोणी खिशात हात घातला की ती शांतपणे विचारायची, “आणि ही कंपनीच बुडाली तर?” बाजारातले बाकीचे एजंट तिला ‘बुडालीबाई’ म्हणत. तिच्या कानावर ते होतं. ती हसण्यावारी न्यायची.

तरुणपणी ती एका मोठ्या सहल कंपनीत काउंटरवर होती. एका सोमवारी मालकाने गाशा गुंडाळला, आणि नोकरांना ते गिऱ्हाइकांबरोबरच कळलं. बंद शटरसमोर एक नवं जोडपं बॅगा घेऊन उभं होतं. शनिवारीच आत्याने त्यांचे पैसे घेतले होते. त्या मुलीने भांडण काढलं नाही. एवढंच विचारलं, “मग आता आम्ही घरी जायचं का?” 

पुढे चपलांचं दुकान आणि चावीवाला यांच्यामध्ये तिने स्वतःचं दुकान थाटलं. गिऱ्हाइकांचे पैसे ती वेगळ्या खात्यात ठेवायची, हॉटेलवाल्यांना होईल तितके उशिरा द्यायची. विम्याच्या कागदात आजारपण असतं, हरवलेलं सामान असतं, पण कंपनीचं दिवाळं बहुधा नसतं. ते असलेला विमा शोधून, ती ओळ बोटाने दाखवून मगच ती सही घ्यायची. एकदा दुकानाचं छत गळायला लागलं. वडील म्हणाले, त्या खात्यातून उचल तात्पुरते, कोण बघतंय. “दादा, ते माझे नाहीत रे,” म्हणून तिने गळतीखाली बादली सरकवली.

एका वर्षी तीन बहिणी आल्या. थोरली शिवणकाम करणारी, मधली नर्स, धाकटी घासाघीस करण्यात पटाईत. थोरलीची नजर कडांकडून विझत चालली होती. काय बघायचंय ते यंदाच बघून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला बर्फाचे डोंगर बघायचे होते. विम्याचं नाव निघताच धाकटीने नाक मुरडलं. थोरली म्हणाली, “घे गं. कापड बेततानासुद्धा आपण शिवणीत बोटभर जास्तीची माया सोडतोच की.”

निघायच्या आठवड्यातच विमान कंपनीने हात वर केले. धाकटी धापा टाकत दुकानात आली, मागोमाग नर्स. आत्याने आधी पाणी दिलं, मग समजावलं. हॉटेलचे आणि गाडीचे पैसे अजून आपल्याच खात्यात आहेत. विमानाचे विम्यातून मिळतील, पण कित्येक महिने जातील.

“पैसे येतील हो,” नर्स म्हणाली, “पण ताईचे डोळे तोवर थांबतील का?”

दुसऱ्या विमानांची भाडी तोवर आभाळाला भिडली होती. मग आत्याने रेल्वेचं वेळापत्रक काढलं. लांबचा, अवघडलेला प्रवास होता आणि पुढे बस, पण वाट होती. हॉटेलवाल्याला फोन करून तिने तारखा पुढे ढकलल्या आणि मुक्काम थोडा कमी केला. पैसे अजून हातचे गेले नव्हते, म्हणून हे जमलं. वाचलेल्या रकमेत तिघींची तिकिटं बसली. स्वतःचं कमिशन तिने सोडून दिलं, आणि धाकटीने त्यावर एकदाही घासाघीस केली नाही.

काही दिवसांनी फोन आला तेव्हा मी दुकानातच होते. पलीकडून थोरली बोलत होती. “अगं, पांढरा नाहीये हा बर्फ. नीळ दिलेल्या चादरीसारखा आहे. आणि सावलीत तर पार जांभळा.” आत्या मध्येमध्ये विचारत राहिली, उन्हात कसा दिसतो, पायाखाली कसा लागतो. ती स्वतः कधी तिकडे गेलेली नव्हती. समोर ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला तिने हातानेच बसायला सांगितलं.

विमा कंपनीने दोनदा कागद परत पाठवले, पण शेवटी पैसे दिले. ते घ्यायला धाकटीबरोबर थोरलीही आली. आता तिला फक्त उजेड आणि अंधार कळत होता. बहिणीचं कोपर धरून ती आत आली, खुर्ची चाचपून बसली.

“पुढच्या वेळी समुद्र,” थोरली म्हणाली. “तो ऐकायचा असतो. वाळूच्या अगदी जवळची खोली बघ हं.”

आत्याने आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि कोणत्या किनाऱ्यावर लाटांचा आवाज जास्त येतो, ते शोधायला एकेका हॉटेलला फोन लावू लागली.