सूचनावहीतलं दुसरं जग

कुणी येत नाही म्हणून गावातलं वाचनालय बंद करणार आहेत. चिडून मी तिथली सूचनावही उघडली; दुर्लक्षित तक्रारींचा पुरावाच हवा होता. ग्रामपंचायतीच्या साहेबांनी ती कधी वाचलीच नाही. म्हणून तर शाळेत असताना मी आणि नीलू, टीव्हीवरच्या मालिकेतल्या, माणसं गायब करणाऱ्या अदृश्य जगाविषयीचे आमचे तर्क तिच्यात लिहायचो.

"तिकडं माणसांना कुणी ओढून नेत नाही," नीलूचं गोल, निळं अक्षर. "इथं हाक मारणारं कुणी उरलं नाही, की ती आपोआप जातात."

खाली मी लिहिलेलं: "बावळट! मग आपले ग्रंथपालकाका कधीच गेले असते."

काका समोरच होते, रिकाम्या टेबलांमध्ये. 'वाचनालय वाचवा' अशी पत्रकं वाटत मी गावभर फिरले, इथं मात्र चार वर्षांत पाऊल नाही.

"काका," मी हाक मारली.

त्यांनी चष्मा वर केला. "अगं, होतीस कुठं इतकी वर्षं?"