खेळाचा तास

मालेगावातल्या आमच्या शाळेच्या फाटकाशी एक भाजीवाला मेथीच्या जुड्या घेऊन बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. शाळेची घंटा झाली की तो उठायचा, कमरेवर हात ठेवून मागं झुकायचा, मग वाकून पायाचे अंगठे धरायचा आणि पुन्हा उकिडवा बसायचा.

दहावीचा खेळाचा तास मी वर्षानुवर्षं गणितासाठी घेतला. त्याचा मला अभिमानच होता. एकदा त्या भाजीवाल्यानं विचारलं, "सर, मैदान रिकामंच काहून राह्यते?"

"दहावीचं वर्ष आहे पोरांचं."

"घंटाभर बसलो का मले कंबर मोकळी करा लागते. थे तं लेकरं आहेत, सर."

मी मेथी घेतली आणि वर्गावर गेलो.

आता निवृत्त झालोय. डॉक्टरांनी बजावलं म्हणून सकाळी त्याच मैदानावर योगासनांना जातो. परवा शेजारी माझा जुना विद्यार्थी होता. पस्तिशीतच त्याला झोपेची गोळी लागते. दोघांचेही हात गुडघ्यांखाली जाईनात. तो हसत म्हणाला, "सर, हे शाळेत काहून नाही शिकवलं तुमी?"

फाटकाशी तोच भाजीवाला, आता पुरता पिकलेला, उकिडवा बसून जुड्या बांधत होता. त्याला ऐकू गेलं असावं. त्याचे हात क्षणभर थांबले. मान मात्र त्यानं वर केली नाही.