मंगळावरून बायको आणताना

मध्यप्रांत आणि वऱ्हाड मिळून मंगळावरच्या लोकांची खडान्‌खडा माहिती असलेला एकच माणूस होता आणि तो मेहकरला आमच्या शेजारी राहत असे. बाजारात त्यांचं फोटोचं दुकान होतं, म्हणून सारं गाव त्यांना फोटोवाले काका म्हणे. मी तहसिलीत कारकून. कचेरी सुटली की त्यांच्याकडे जाऊन बसायचो. मंगळावर काय पिकतं, तिथल्या माणसांना कसला आजार होतो, हे ते असं सांगत, जणू परवाच्याच मोटारीने तिकडून परतलेत. लग्नाचा फोटो काढायला आलेल्या जोडप्यांनाही आधी हे ऐकावं लागे. त्यांनी काढलेल्या फोटोंतले नवरा-नवरी म्हणूनच जरा घाबरलेले दिसतात.

नांदुऱ्याला तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या एकाकडून त्यांनी जुना, हाताने फिरवायचा कॅमेरा आणला आणि सिनेमाच काढायला घेतला. मंगळावरचे लोक लोणारच्या तळ्यात उतरतात, मेहकरवर चाल करून येतात आणि सरकारी खजिना लुटून नेतात, अशी गोष्ट. आकाशातलं जहाज म्हणजे तोंडाला तोंड लावून बांधलेल्या दोन पराती. घोड्याच्या शेपटीच्या केसांना टांगलेल्या आणि आत कापूर पेटवलेला. तालमीतले पैलवान राख फासून मंगळावरचे झाले. ते आरोळ्या ठोकत गावात शिरतात न शिरतात, तोच गल्लीतलं कुत्रं शेपूट हलवत त्यांच्यापुढे लोळलं. मी म्हटलं, "काका, एवढं कापून टाका."

"कायले? मंगळावर कुत्रे नसतीन. मंगळवालेबी पाह्यतच राह्यले असतीन!"

पण जहाज हवं तसं चमकेना. तेव्हा काकांनी काकूंच्या लग्नातल्या शालूचे जरीचे काठ कापले आणि परातींना गुंडाळले. काकू विहिरीवरून आल्या, तर शालूच्या चिंध्या खाटेवर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने देऊळगाव राजाला, माहेरी निघून गेल्या.

त्यानंतर गोष्ट बदलली. आता मंगळावरचे लोक खजिन्याला हात लावत नव्हते. ते एका फोटोवाल्याची बायको पळवून नेत आणि फोटोवाला तिला आणायला मंगळावर जाई. बायकोचं काम करायला कुणी बाई तयार होईना, म्हणून पोस्टमनला लुगडं नेसवलं. समोरचा शिंपी एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, मंगळावर जाऊन राह्यले, अन् देऊळगावले काऊन जात नाई?" काका भिंग पुसत राहिले. घरी ते एकट्यापुरती खिचडी टाकत, पण सवयीने दोन ताटं मांडत आणि मग एक उचलून ठेवत.

सिनेमा जवळजवळ झाला, तसे एक दिवस म्हणाले, "उद्या देऊळगावले जाऊ. तू चाल संगं."

काकूंच्या भावाच्या घरी भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून आम्ही सिनेमा दाखवला. नांदुऱ्याच्या तंबूवाल्याकडून मागून आणलेलं सिनेमा दाखवायचं यंत्र मी फिरवत होतो. काकू दाराशी बसल्या होत्या, कोऱ्या चेहऱ्याने. पैलवानांनी पोस्टमनला उचललं, पदर सरकला आणि त्याच्या झुबकेदार मिशा बाहेर आल्या, तेव्हा मात्र त्या हसल्या. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. काका भिंतीवरचं चित्र बघतच नव्हते. ते काकूंकडे बघत होते.

फोटोवाला मंगळावरच्या दारापाशी पोचून उभा राहतो, तिथे फिल्म संपली. भिंतीवर नुसता उजेड उरला. काकूंनी काकांकडे न बघता विचारलं, "मंग? वापस येते का ते बाई?"

"थे अजून काढलं नाई," काका म्हणाले.

काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "नका काढू आता. चहा ठेवते, घेऊन जा."

काकू पुढे कधी मेहकरला आल्या नाहीत आणि काकांनी पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही. दुकान तेवढं चालवत राहिले. पण मला अजून आठवते ती आमची परतीची मोटार. मेहकर जवळ आलं, तसं काकांनी विचारलं,

"हासली ना पण?"

"हो काका, खूप हसल्या."

"हाव," ते म्हणाले. "तिचं हासनं मी विसरूनच गेलतो बे." आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.